खून दिसेल इतकं स्वच्छ चित्र

'जाने भी दो यारों' या हिंदी चित्रपटाची गोष्ट एका फोटोपाशी वळण घेते. विनोद आणि सुधीर हे दोन धडपडे फोटोग्राफर स्पर्धेतलं बक्षीस मिळेल या आशेने मुंबईभर फोटो काढत फिरतात. धुतलेल्या फोटोंपैकी एकात त्यांना काहीतरी खटकतं. तेवढा भाग ते मोठा करतात, आणखी मोठा करतात, आणि दाणेदार झालेल्या कागदावर एक खून होताना दिसू लागतो. जिथे खून होतो त्या बागेचं नाव अँटोनिओनी पार्क. १९६६ साली अँटोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाने फोटो मोठा करत जाण्याच्या याच कल्पनेवर चित्रपट काढला होता, त्याला केलेला हा मुजरा आहे.

आता हेच दृश्य जुन्या व्हीसीडीवर लावा. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं, म्हणजे पूर्ण पडद्यावर एक लाखाच्या जरा वर ठिपके. तेही सेकंदाला ११५० किलोबिट एवढ्याच माहितीत कोंबलेले. फोटोचे दाणे, कागदाचा पोत, मागचा माणूस, सगळ्याचे चौकोनी तुकडे होतात. पडद्यावरची पात्रं जे बघून दचकतात ते प्रेक्षकाला दिसतच नाही. त्यांनी दचकून दाखवलं म्हणून आपण मानून चालायचं. ज्या चित्रपटाचा गाभाच 'नीट बघा, नीट बघितलं की गुन्हा दिसतो' हा आहे, तो या देशातल्या कित्येकांनी नीट न दिसणाऱ्या रूपात पाहिला.

कमी पैशांत बनलेल्या स्वतंत्र चित्रपटाची घरी बघायची आवृत्ती ही थिएटरमधल्या प्रदर्शनानंतरची उरलीसुरली गोष्ट नसते, तोच त्याचा खरा जन्म असतो. तो चित्रपट जनतेच्या पैशातून बनला असेल, तर ही आवृत्ती नीट काढणं आणि कायम मिळत राहील अशी ठेवणं हे सरकारी यंत्रणेचं कर्तव्य आहे. आज हे काम अर्ध्यावर थांबलेलं आहे.

पैशाचं आधी पाहू. हा चित्रपट एनएफडीसीने, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने काढला आणि खर्च सात लाखांच्या आत राहिला. दिग्दर्शक कुंदन शाह पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेले, आणि पडद्यामागचे-पुढचे बरेच जण तिथले नाहीतर दिल्लीच्या नाट्यविद्यालयातले. कॅमेरा बिनोद प्रधान यांचा, संकलन रेणू सलुजा यांचं, संगीत वनराज भाटिया यांचं. नसीरुद्दीन शाह यांनी तर पात्राच्या हातात आपला स्वतःचा कॅमेरा दिला. चित्रपटातल्या 'खबरदार' या नियतकालिकाची संपादिका शोभा झालेल्या भक्ती बर्वे मराठी रंगभूमीवरून आल्या होत्या. 'ती फुलराणी' पाहिलेल्या माणसाला शोभाच्या गोड बोलण्यातला कावा किती बारकाईने रचलेला आहे ते लगेच कळतं. या सगळ्यांनी बाजारभावापेक्षा फार कमी पैशांत काम केलं. म्हणजे या चित्रपटात सरकारचे सात लाख आहेत, आणि ज्याची पावती कुठेच फाडलेली नाही असे कलावंतांचे श्रम आहेत. असा माल नीट जपायचा नाही तर कोणता जपायचा?

१९८३ साली तो थिएटरमध्ये आला आणि फार गाजावाजा न होता गेला. पदार्पणाच्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण लोकांच्या बोलण्यात तो आला दूरदर्शनवरून, भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवरून, पुढे व्हीसीडी आणि डीव्हीडीवरून. केक खाण्याचा प्रसंग, एकाच खोलीत दोन टेलिफोनवरून चाललेलं बोलणं, प्रेताला साडी नेसवून रंगमंचावर उभं केलेलं महाभारत ही सगळी घराघरांत पाठ झालेली दृश्यं आहेत. काळ्या विनोदाला बहुधा हाच रस्ता लागतो. पहिल्यांदा बघताना हसावं की घाबरावं ते कळत नाही. शेवटी कैद्याच्या कपड्यात रस्त्याने चालणारी ती दोघं आपल्याकडे बघून गळ्यावरून हात फिरवतात, तेव्हा मघाशी हसलेलं सगळं घशात अडकतं. असा चित्रपट दुसऱ्यांदा, चौथ्यांदा बघितल्यावर खुलतो, आणि थिएटर छोट्या चित्रपटाला चार आठवडेसुद्धा देत नाही.

घरातल्या आवृत्तीचं आपल्याकडे काय झालं ते तपशिलात बघण्यासारखं आहे, कारण पुढे काय टाळायचं ते त्यातूनच कळतं.

२००७च्या सुमारास मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात केली. तोवर डीव्हीडी ही सुखवस्तू घरातली चीज होती. तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडवरच्या टपरीवर चित्रपट मिळू लागले. ही फार मोलाची गोष्ट होती आणि तिला नावं ठेवणारे मला पटत नाहीत. स्वस्त डिस्क वाईटच असते असं काही नाही. साच्यातून दाबून काढलेल्या डिस्कचा कारखान्यातला खर्च तिच्यावर काय भरलंय यावर अवलंबून नसतो, चांगलं चित्र आणि वाईट चित्र दाबायला सारखाच पैसा लागतो. बाजाराने काटकसर केली ती मास्टरिंगमध्ये, म्हणजे डिस्कवर जाणारं चित्र तयार करण्याच्या टप्प्यावर.

'तीन चित्रपट एका डिस्कवर' हा त्यातला सर्वात घातक प्रकार. हिशेब साधा आहे. दोन थरांच्या डीव्हीडीत साडेआठ जीबी मावतात. सव्वादोन तासांचा एकच चित्रपट भरला तर सेकंदाला सात मेगाबिट देऊनही जागा उरते, आणि डीव्हीडीवर सात मेगाबिट म्हणजे उत्तम चित्र. त्याच डिस्कवर तसे तीन भरले की प्रत्येकाच्या वाट्याला, आवाज धरून, पावणेतीन-तीन मेगाबिट येतात. दिवसाचं शांत दृश्य तेवढ्यात निभावतं. पण रात्र, धूर, गर्दी, हलणारा कॅमेरा आला की चित्र फुटतं. कमी बजेटचा चित्रपट नेमका रात्रीचा, अरुंद खोल्यांचा, थोड्या दिव्यांवर चित्रित केलेला असतो. त्यामुळे सर्वात जास्त नुकसान त्याचंच होतं.

दुसरी खोट वेगाची. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चालतो, आपल्याकडची पाल पद्धतीची टीव्ही यंत्रणा २५ने. सर्वात सोपा उपाय म्हणजे चित्रपट चार टक्के पळवायचा. मग सव्वादोन तासांच्या चित्रपटातली पाच मिनिटं नाहीशी होतात आणि आवाजाची पट्टी वर चढते. गंभीर चित्रपटात हे खपून जातं, पण विनोद असतो थांबण्यात. वाक्य संपल्यावर समोरचा किती वेळ गप्प राहतो, यावर हशा येतो की नाही ते ठरतं. पुढे याच पाल टेपवरून अमेरिकी पद्धतीची डिस्क बनवली की फ्रेम एकमेकींत मिसळतात, हात हलला की मागे भुतासारखी सावली राहते. आपल्या बाजारात अशा डिस्क सर्रास होत्या.

तिसरी खोट रुंद टीव्ही आल्यावर सुरू झाली. जुनं चौकोनी चित्र १६:९च्या पडद्यावर काळ्या पट्ट्या न ठेवता भरायचं म्हणून वरून-खालून कापायचं. चार बाय तीनचं चित्र असं भरलं की उंचीतला बरोबर चौथा हिस्सा जातो. महाभारताच्या प्रसंगात रंगमंचावर एकाच वेळी किती माणसं काय-काय करत असतात ते आठवा. मुकुट, गदा, साडीत गुंडाळलेल्या प्रेताची घसरणारी मान, मागून डोकावणारा कोणीतरी. तिथली गंमत चौकटीच्या कडांवर आहे, आणि कात्री नेमकी कडांवर चालते. काळ्या पट्ट्या दिसल्या की 'चित्र पूर्ण भरत नाही' अशी तक्रार करणारा ग्राहक असतो हे खरं आहे. त्याला समजावून सांगायचं सोडून चित्रपट कापणं हा अपराध आहे, मी याहून सौम्य शब्द वापरणार नाही.

मग नीट आवृत्ती कशी निघते?

सुरुवात मूळ निगेटिव्हपासून. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. सव्वादोन तास म्हणजे १२,१५० फूट, हजार फुटी डब्यांत साधारण तेरा डबे. डबा उघडल्यावर पहिलं काम नाकाचं. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली आहे. ही क्रिया स्वतःलाच वेग देत जाते, आणि तिथून निघणारं आम्ल शेजारच्या डब्यांनाही लावतं, म्हणून असे डबे आधी वेगळे काढायचे. थंड, कोरड्या कोठारात कुजणं कितीतरी पटींनी मंदावतं, पण झालेलं नुकसान परत येत नाही. पुढचं काम मोजपट्टीचं. फिल्म आक्रसलेली असते. आक्रसणं एक टक्क्याच्या आसपास गेलं की दात्यांवर चालणाऱ्या यंत्रात भोकं फाटायची भीती असते, तेव्हा दाते नसलेला स्कॅनर लागतो. जोड सुटलेले असतात, ते हाताने परत लावायचे. मग धुणं. हे सगळं होईपर्यंत एकही फ्रेम संगणकात गेलेली नसते, आणि घाईच्या कामात नेमका हाच भाग उरकला जातो.

स्कॅन ४केवर करावा. पूर्ण फ्रेम ४०९६ बाय ३११२, म्हणजे सव्वा कोटीहून जास्त ठिपके, व्हीसीडीच्या शंभर पटींच्या वर. १० बिटच्या फाइलमध्ये एक फ्रेम सुमारे ५१ एमबी घेते. सव्वादोन तासांत १,९४,४०० फ्रेम, एकूण जवळपास १० टीबी. हा आकडा ऐकून दचकायचं कारण नाही, संगणकाची माहिती साठवायच्या एलटीओ-८ जातीच्या एका टेपवर १२ टीबी मावतात. दोन टेप करायच्या, दोन वेगळ्या शहरांत ठेवायच्या, आणि दर सात-आठ वर्षांनी नव्या पिढीच्या टेपवर उतरवायच्या, कारण आठव्या पिढीचं यंत्र सातवीच्या मागच्या टेप वाचत नाही. हे उतरवणं कोणाच्या कामाच्या यादीत कायमचं लिहिलेलं नसेल, तर ४के स्कॅनसुद्धा वीस वर्षांत नाहीसा होतो.

पुढे सफाई. इथे सॉफ्टवेअरवर सगळं सोपवलं की घात होतो. धूळ ओळखायची त्याची रीत म्हणजे एका फ्रेममध्ये आहे आणि मागच्या-पुढच्या फ्रेममध्ये नाही, असं छोटं काहीही पुसून टाकायचं. पावसाचे थेंब, ठिणग्या, हवेत उडालेला केकचा तुकडा, सगळ्यांना ते धूळच समजतं. म्हणून आपोआप साफ झालेला प्रत्येक शॉट माणसाने मूळ चित्राशी ताडून बघावा लागतो. फिल्मचे दाणे घासून चित्र गुळगुळीत करण्याचा मोह त्याहून वाईट. दाणा गेला की चेहरे मेणाचे होतात. या चित्रपटात तर दाण्यातूनच खून उगवतो, तो दाणा पुसणाऱ्याने गोष्टच पुसली.

रंगांसाठी जुन्या प्रिंटवर डोळे झाकून भरवसा ठेवता येत नाही, रंगद्रव्य विरून प्रिंट लालसर पडलेल्या असतात. छायाचित्रणकार हयात असेल तर त्याला शेजारी बसवूनच रंग ठरवायला हवेत. रात्र रात्रच राहिली पाहिजे. हल्ली काळोख उजळून 'सगळं दिसतंय' असं दाखवायची खोड लागली आहे, ती रीस्टोरेशन, म्हणजे चित्रपटाचं मूळ रूप परत आणणं, नव्हे. आवाजाचंही तसंच. मूळ एकाच वाहिनीचा असेल तर एकाच वाहिनीचा ठेवावा. चारही बाजूंनी ऐकू येणारा बनावट आवाज करायचा नाही. खरखर काढताना हात आखडता ठेवावा, कारण स, श, फ ही अक्षरं आणि खरखर दोन्ही वरच्या कंपनांत राहतात. खरखर पूर्ण काढली की माणसं दात नसल्यासारखी बोलू लागतात.

हे झालं की डिस्क. १०८०पी ब्ल्यू-रेवर चित्रपट बरोबर २४ फ्रेमनेच चालतो, तिथे वेगाचा प्रश्नच उरत नाही. सेकंदाला ३० मेगाबिट सरासरी धरली तर सव्वादोन तासांना ३० जीबी लागतात, म्हणजे २५ जीबीची डिस्क पुरत नाही, ५०ची घ्यायची. सोबत एक डीव्हीडीही असावी, कारण लहान गावांत अजून तोच प्लेअर आहे. कमी प्रती हव्यात म्हणून घरच्या संगणकावर जाळून काढलेल्या डिस्क विकायच्या नाहीत. त्यांच्यातला रंगद्रव्याचा थर उन्हात आणि दमट हवेत काही वर्षांत उडतो, कोकणात तर त्याहून लवकर. प्रदेशाचं कुलूपही लावू नये. भारताची डीव्हीडी पाच क्रमांकाच्या प्रदेशात मोडते, ती न्यू जर्सीतल्या मराठी घरातल्या साध्या प्लेअरवर चालत नाही.

सबटायटल्सबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडे त्यांना शेवटच्या दिवसाचं काम समजतात. डीव्हीडीवर ३२पर्यंत सबटायटल्सच्या भाषा बसतात, त्यामुळे इंग्रजीच्या पुढे न जाण्याला तांत्रिक सबब नाही. हिंदी चित्रपटाला मराठी सबटायटल कशाला, असं विचारणाऱ्यांनी कानाने अधू माणसांचा विचार करावा, आणि महाभारताच्या प्रसंगातलं पारशी रंगभूमीच्या वळणाचं हिंदी खेड्यातल्या मुलाला कितपत कळतं त्याचाही. नियम मोजके आहेत. दोनपेक्षा जास्त ओळी नकोत, एका ओळीत चाळीसच्या आसपास अक्षरं, पडद्यावर एका सेकंदाहून कमी नाही आणि सहा-सातहून जास्त नाही. विनोदासाठी आणखी एक नियम, तो सर्रास मोडला जातो. विनोदाचा शेवटचा शब्द नटाच्या तोंडून निघण्याआधी वाचायला मिळता कामा नये. वाक्य तोडून दुसरा तुकडा नटाच्या वेळेवरच आणायचा. याला वेळ लागतो, वेगळं यंत्र लागत नाही. सबटायटल चित्रातच कोरून टाकायचे नाहीत, एकदा कोरले की ते मास्टर कायमचं बिघडलं.

'डिस्कचा जमाना गेला' हे मला नेहमी ऐकायला मिळतं. दुकानांचा गेला, मान्य. मोझर बेअरही २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघून गेली. पण चित्रपट ओटीटीवर 'आहे' याचा अर्थ काही मुदतीचा परवाना आहे, एवढाच. मुदत संपली की तो एका रात्रीत नाहीसा होतो आणि कुठे गेला ते कोणी सांगत नाही. तिथला बिटरेट, म्हणजे चित्राला सेकंदाला मिळणारी माहिती, ब्ल्यू-रेच्या चौथाई-पाचवा हिस्सा असतो आणि नेट मंदावलं की आणखी घसरतो. कोणत्या आवृत्तीवरून चित्र घेतलं, कापलं का, आवाज बदलला का, हे विचारायला जागा नाही. यूट्यूबवर फुकट पडलेल्या प्रतींबद्दल तर बोलायलाच नको. नीट आवृत्ती मिळत नाही म्हणूनच त्या चालतात. प्रसार भारतीचा 'वेव्हज' हा ओटीटी मंच नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी सुरू झाला. सार्वजनिक पैशातले चित्रपट तिथे कायम असावेत, जरूर असावेत. पण मंच ही वाट आहे. वाट बंद झाली तरी ठेव शाबूत राहील अशी सोय वेगळी करावी लागते.

ती सोय करणं आज पूर्वीपेक्षा सोपं आहे. चित्रपट काढणारी एनएफडीसी आणि चित्रपट जपणारं पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय मार्च २०२२ पासून एकाच छत्राखाली आहेत. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाला ५९७ कोटी रुपये मंजूर झाले, आणि २०२२ मध्ये त्यातल्या ३६३ कोटींतून २२०० चित्रपटांच्या रीस्टोरेशनची घोषणा झाली. संग्रहालय १९६४ पासून आहे, तिथे मन लावून काम करणारी माणसं आहेत. या विलीनीकरणाबद्दल चित्रपटसृष्टीतल्या अनेकांना शंका होत्या, मलाही आहेत. पण एक सबब त्याने नक्की संपवली. हक्क एकाकडे आणि निगेटिव्ह दुसऱ्याकडे, म्हणून आवृत्ती निघत नाही, असं निदान एनएफडीसीच्या चित्रपटांबद्दल आता म्हणता येणार नाही. 'जाने भी दो यारों' रीस्टोर होऊन नोव्हेंबर २०१२ मध्ये पुन्हा थिएटरात आला, 'सिनेमाज ऑफ इंडिया' या नावाने एनएफडीसीने आपल्या चित्रपटांच्या डीव्हीडीही काढल्या. तो पाया चांगला होता. पुढचं बांधकाम हवं होतं ते प्रत्येक चित्रपटाच्या ठरलेल्या आवृत्तीचं, ठरलेल्या मुदतीत. रीस्टोर झालेला चित्रपट महोत्सवात दाखवून फाइल कपाटात गेली, तर पैसे ज्याचे त्याला काय मिळालं? माझी मागणी नेमकी आहे. सार्वजनिक पैशातून रीस्टोर झालेला प्रत्येक चित्रपट वर्षाच्या आत घरी बघण्याच्या आवृत्तीत निघावा, आणि तिची प्रत सार्वजनिक ग्रंथालयांत जावी.

ग्रंथालयं म्हणतोय ते विचार करून. १९५४च्या कायद्याने पुस्तक छापणाऱ्याला ठरावीक ग्रंथालयांना प्रत द्यावी लागते, मुंबईत ती टाऊन हॉलमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाते. चित्रपटाला असा कायदाच नाही. पुस्तकाची प्रत न देणाऱ्याला दंड, चित्रपटाची एकमेव निगेटिव्ह गोदामात कुजू देणाऱ्याला काही नाही. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याखाली अनुदान मिळणाऱ्या ग्रंथालयांचं जाळं आहे, तसं देशात फार थोड्या राज्यांत आहे. सुरुवात ३६ जिल्ह्यांतल्या 'अ' दर्जाच्या ग्रंथालयांपासून करता येईल. डिस्क दाबणारे कारखाने पाचशे-हजार प्रतींच्या खाली काम घेत नाहीत, म्हणून छोट्या चित्रपटाची आवृत्ती अडते. अनेक राज्यांच्या ग्रंथालयांची मिळून एक मागणी आली तर तो अडथळा पहिल्याच दिवशी सुटतो. कॉपीराइटच्या मुदतीची वाट बघत बसणं परवडणारं नाही. कायद्याने ती प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं आहे, म्हणजे १९८३च्या चित्रपटाला डिसेंबर २०४३ अखेरपर्यंत. तोवर तेरा डब्यांपैकी किती उरतील?

आणि ज्या मराठी चित्रपटांची फिल्मच नाही, त्यांची अवस्था याहून कठीण आहे. १९८३च्या चित्रपटाची निगेटिव्ह कोणीही लक्ष न देता चाळीस वर्षं पडून राहिली तरी तिच्यातून बहुधा काही निघतं. २०१३च्या आसपासचा कमी पैशांतला डिजिटल मराठी चित्रपट कुठे असतो? निर्मात्याच्या कपाटातल्या एका हार्ड डिस्कवर, आणि थिएटरला पाठवलेल्या कुलूपबंद डीसीपीत, म्हणजे पडद्यावर लावायच्या डिजिटल प्रतीत. त्या कुलपाची चावी ठरावीक तारखांपुरतीच चालते, तारीख गेली की डीसीपी उघडत नाही. पाच-सात वर्षं न लावता ठेवलेली हार्ड डिस्क सुरू होईल याची हमी कोणी देत नाही. दर्जेदार मराठी चित्रपटांना राज्य शासन अनुदान देतं. त्या अनुदानाचा शेवटचा हप्ता चित्रपटाची जपून ठेवायची प्रत, म्हणजे ठेव, जमा झाल्यावरच मिळावा, अशी अट घालायला काय हरकत आहे? ठेवीत काय हवं तेही सांगतो. कुलूप नसलेली डीसीपी, संपादनात परत वापरता येईल अशी पूर्ण दर्जाची फाइल, संवाद-संगीत-परिणाम वेगवेगळे ठेवलेले आवाज, सबटायटल्सची साधी मजकूर फाइल, आणि प्रत्येक फाइलची पडताळणी करता येईल असा अंकसंकेत. चित्रपट संपला त्याच आठवड्यात स्टुडिओत हे सगळं तयार असतं. दोन वर्षांनी मागितलं तर स्टुडिओ बदललेला असतो.

आवृत्तीचा आणखी एक भाग राहिला, आणि तो निगेटिव्हपेक्षाही वेगाने संपतोय. चित्रपट कसा घडला हे सांगणारी माणसं. डिस्कवर दुसऱ्या ध्वनिमार्गाने दिग्दर्शक, संकलक, नट चित्रपटाबरोबर बोलत जातात. सिनेमा शिकणाऱ्या मुलाला वर्गातल्या सहा महिन्यांइतकं त्यातून मिळतं. 'जाने भी दो यारों'च्या संकलनात बरंच काही गळालं. अनुपम खेर यांनी केलेली 'डिस्को किलर' ही अख्खी भूमिका कापली गेली. का कापली, त्याने चित्रपटाचा तोल कसा सावरला, हे रेणू सलुजा सांगू शकल्या असत्या. त्या २००० साली गेल्या. भक्ती बर्वे २००१ साली. रवी बासवानी २०१०, ओम पुरी आणि कुंदन शाह दोघेही २०१७, वनराज भाटिया २०२१, सतीश कौशिक २०२३, सतीश शाह २०२५.

नसीरुद्दीन शाह, पंकज कपूर, नीना गुप्ता, बिनोद प्रधान, सुधीर मिश्रा, विधू विनोद चोप्रा, अनुपम खेर आहेत. चार माइक, मोठ्या पडद्यावर लावलेला रीस्टोर केलेला चित्रपट, प्रश्न विचारायला तो शॉट-शॉट पाठ असलेला एक माणूस, आणि दोन दिवसांसाठी भाड्याने घेतलेली आवाज न घुमणारी खोली. या आर्थिक वर्षात एवढं होऊ शकतं.